बर्लिनमध्ये शिकायला येताय? पहिल्या दिवसांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट उजाडला की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न यायला लागतात. विचारणारे बदलतात. कधी सांगलीचा मुलगा, कधी नाशिकची मुलगी, बऱ्याचदा त्यांच्या आया. उत्तरं मात्र मी दर वर्षी तीच टाइप करते, म्हणून यंदा एकदाच लिहून ठेवली. ज्याला जे हवं ते वाचावं. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. ताई, उतरल्यावर पहिल्या आठवड्यात काय काय करायचं? सुरुवात कुठून करू?

पत्त्यापासून. बर्लिनमधली सगळी कामं एका माळेत ओवलेली आहेत आणि पहिला मणी म्हणजे तुमचा राहता पत्ता. पत्ता असेल तर आनमेल्डुंग होतं, म्हणजे सरकारदप्तरी तुमची नोंद होते. ते झालं की टॅक्स नंबर घरी येतो, आणि तो असेल तर पगार नीट होतो. आनमेल्डुंगचाच कागद राहण्याच्या परवान्याला लागतो, काही बँकांना खातं उघडायलाही लागतो. मुलं नेमकं उलटं करतात. आधी बँक, मग नोकरी, घराचं बघू सावकाश. मग ऑक्टोबरभर प्रत्येक खिडकीवर एकच वाक्य ऐकून घेतात: आधी नोंदणीचा कागद आणा.

विद्यापीठातला प्रवेश पक्का करणं आणि आरोग्यविमा (प्रश्न १४) ही दोन कामं मात्र त्याच वेळी बाजूने चालू ठेवा. बाकी सिमकार्ड, उशी, तवा वगैरे दोन दिवसांत आपोआप होतं.

२. विमानतळावरून शहरात कसं यायचं? टॅक्सी करू का?

दोन मोठ्या बॅगा आणि रात्रीचे बारा असतील तर करा, एरवी गरज नाही. बर्लिनचा विमानतळ सी झोनमध्ये येतो. शहरातला बहुतेक प्रवास ए आणि बी झोनमध्ये होतो, म्हणून लोक सवयीने एबीचं तिकीट काढतात आणि पहिल्याच प्रवासात पकडले जातात. मशीनवर एबीसी निवडा. विमानतळाच्या खालीच स्टेशन आहे, रीजनल गाड्या आणि एस-बान, म्हणजे शहरातली लोकल, दोन्ही मिळतात.

कागदी तिकीट काढलं तर फलाटावरच्या छोट्या खोक्यात ते घालून शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसेल तर तिकीट नसल्यासारखंच. इथे फाटक नाही, कुणी अडवत नाही, त्यामुळे फुकट जाता येईल असं वाटतं. साध्या कपड्यातले तपासनीस डब्यात चढतात आणि दंड ६० युरो असतो. 'आजच आलोय' हे त्यांनी तुमच्याआधी हजार जणांकडून ऐकलेलं असतं.

३. सिमकार्ड कुठलं घ्यावं? भारतातला नंबर बंद केला तर चालेल?

इथलं कुठलंही प्रीपेड चालेल, सुपरमार्केटमध्येही मिळतं. पासपोर्ट दाखवून ओळख पटवल्याशिवाय ते सुरू होत नाही, तेवढा वेळ धरा. भारतातला नंबर मात्र अजिबात बंद करू नका. तुमच्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येणार आहे. निघण्याआधी त्याचं रोमिंग सुरू करून घ्या आणि एक एसएमएस खरंच येतो का ते उतरल्या दिवशीच बघा. फी भरायच्या शेवटच्या तारखेला ओटीपी सांगलीच्या घरात, ड्रॉवरमधल्या फोनवर आल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

४. सामानात काय आणू? आई म्हणते कुकर, तूप आणि पेढे हवेतच.

कुकर आणा. इथल्या बहुतेक घरांत काचेची विजेची शेगडी असते, तिच्यावर सपाट बुडाचा ॲल्युमिनियमचा कुकर चालतो. इंडक्शन असेल तर मात्र ॲल्युमिनियम तापणारच नाही, स्टीलचा इंडक्शनवाला लागेल. कुठली शेगडी मिळेल हे आधी कळत नाही, म्हणून घ्यायचाच असेल तर स्टीलचा घ्या.

तूप आणि पेढे नकोत. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाने आणायला बंदी आहे. 'सगळे आणतात' हे खरं आहे आणि काहींचे कचऱ्यात जातात हेही खरं आहे. आईला सांगा, इथलं लोणी झकास आहे. अडीचशे ग्रॅमचा गोळा मंद आचेवर कढवला की दोनशे ग्रॅमच्या आसपास तूप निघतं, बेरीही चांगली येते. बाकी गोडा मसाला, लसणाची चटणी, मेतकूट, भाजणी, बाकरवडी आणायला हरकत नाही. ताजा कढीपत्ता आणि फळं मात्र पिशवीत टाकू नका, त्यांना रोपांच्या आरोग्याचा दाखला लागतो.

औषधं स्वतःपुरती, तीन महिन्यांची, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. जाड कोट भारतातून आणू नका. पुण्याच्या थंडीला मिळणारा कोट इथल्या जानेवारीत रुमालासारखा वाटतो. तीन पिनांचे आपले प्लग इथे बसत नाहीत, दोन गोल पिनांचे बहुधा बसतात. एक अडॅप्टर आणि आपला एक एक्स्टेन्शन बोर्ड आणलात की काम झालं.

५. आनमेल्डुंग म्हणजे नेमकं काय? आणि किती दिवसांत करायचं?

घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांत जवळच्या नागरिक कार्यालयात, म्हणजे ब्युर्गरआम्टमध्ये, 'मी इथे राहतो' अशी नोंद करायची. फी नाही. न्यायचं काय? पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाच्या सहीचं एक पत्र. त्या पत्राचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. पाठ करायची गरज नाही, कागदावर लिहून मालकापुढे धरलं तरी पुरतं. भाडेकरार त्याऐवजी चालत नाही. करारावर मालकाची सही आहे ना मग झालं, असं समजून अर्धी मुलं खिडकीवरून परत येतात.

नोंद दहा मिनिटांत होते आणि शिक्क्याचा एक कागद लगेच हातात मिळतो. त्याच दिवशी त्याचा फोटो काढून तीन ठिकाणी ठेवा.

६. पण अपॉइंटमेंटच मिळत नाहीये! डिसेंबरपर्यंत सगळं लाल दिसतंय.

हो, बर्लिनची ही जुनी रड आहे. तीन गोष्टी करा. एक, आपल्याच भागातलं कार्यालय हवं असा हट्ट सोडा; शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टमध्ये नोंद होते. माझी श्पांडाऊला झाली होती, घरापासून सव्वा तास. दोन, सकाळी कार्यालयं उघडायच्या सुमाराला संकेतस्थळ पुन्हा पुन्हा उघडून बघा, कारण लोकांनी रद्द केलेल्या वेळा तेव्हा परत दिसू लागतात. तीन, ११५ या सरकारी क्रमांकावर फोन करा.

ऑनलाइन नोंदणीची सोय आली आहे, पण तिला चिपवालं इलेक्ट्रॉनिक ओळखपत्र लागतं. नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याकडे ते नसतं, त्यामुळे त्या पानावर वेळ घालवू नका.

१४ दिवस उलटून गेले म्हणून घाबरू नका. अपॉइंटमेंट लवकर मागितल्याचा ईमेल जपून ठेवा. वेळ त्यांच्याकडेच नव्हती हे खिडकीपलीकडच्या बाईंना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

७. मी आधी तीन आठवडे हॉस्टेलमध्ये राहणार आहे. त्या पत्त्यावर नोंद करू का?

बहुधा होणार नाही. पर्यटकांची हॉस्टेलं आणि सुट्टीसाठी भाड्याने दिलेली घरं मालकाचं ते पत्र देत नाहीत. बुकिंगच्या आधी एका ओळीत विचारा: इथे आनमेल्डुंग करता येईल का? नाही म्हणाले तर ते घर फक्त झोपायला आहे असं समजा आणि खरं घर शोधत राहा.

८. एक जण २०० युरो घेऊन पत्ता द्यायला तयार आहे. राहायचं दुसरीकडे, नोंद त्याच्याकडे. घेऊ का?

नको. राहत नसलेल्या पत्त्याचं खोटं पत्र देणं-घेणं हा दंडनीय प्रकार आहे आणि कायद्यात त्याला ५०,००० युरोंपर्यंत दंडाची तरतूद आहे. ते बाजूला ठेवलं तरी रोजच्या व्यवहाराचं बघा. टॅक्स नंबर, बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, परवान्याची पत्रं, सगळं त्या माणसाच्या पेटीत पडणार. तो फोन उचलेनासा झाला की तुमचे कागदही गेले.

९. घर मिळतच नाही. एकाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, म्हणतो डिपॉझिट भरा, चावी कुरिअर करतो.

फसवणूक आहे. मालक नेहमी लंडनला किंवा स्पेनला असतो, फ्लॅट नेहमी सुंदर असतो, भाडं नेहमी आसपासच्या निम्मं असतं. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. स्वतः जाता येत नसेल तर इथल्या ओळखीच्या कुणाला तरी पाठवा.

खरी घरं तीन वाटांनी मिळतात. विद्यार्थी वसतिगृहांची यादी लांब असते, तरी प्रवेशाचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी नाव लावा. दुसरी वाट वेगे, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमधली एक खोली. तिथे मुलाखत होते, आणि ती मालक नव्हे, तिथे राहणारी मुलंच घेतात. मी शिस्तप्रिय, मी मेहनती असं लिहू नका. काय रांधता, किती वाजता झोपता, हार्मोनियम वाजवता का, ते लिहा. तिसरी वाट त्स्विशनमीटे, कुणी सहा महिने बाहेरगावी गेलं की त्याची खोली त्या काळापुरती घ्यायची. पहिल्या सत्रासाठी मला हीच सगळ्यात शहाणपणाची वाटते, फक्त नोंदणीचं पत्र देणार का ते आधी विचारून घ्या (प्रश्न ५).

१०. जाहिरातीत 'काल्ट' आणि 'वार्म' असे दोन भाव का असतात? आणि डिपॉझिट किती मागू शकतात?

काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. त्यात देखभाल, कचरा, पाणी आणि बहुधा हीटिंग मिळवलं की वार्ममीटे. दर महिन्याला तुमच्या खात्यातून जाणार ती वार्म. वीज आणि इंटरनेट अनेकदा त्याच्याही बाहेर असतात, तेवढं विचारा.

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं, आणि ते तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे. हे मालक आपणहून सांगत नाही. आत जाताना भिंती, नळ, फरशी यांचे फोटो तारखेसह काढा. निघताना त्याच फोटोंवर पैसे परत मिळतात.

११. आनमेल्डुंग होऊन महिना झाला, टॅक्स नंबरचं पत्र आलंच नाही. काय करू?

खाली जा आणि पत्रपेटीवर तुमचं नाव आहे का ते बघा.

मस्करी नाही करत. बर्लिनच्या इमारतींत आपल्यासारखे फ्लॅट नंबर नसतात. पत्त्यावर फक्त रस्ता आणि इमारतीचा क्रमांक. आत तीस घरं असू शकतात: रस्त्यावरची पुढची इमारत, चौकात शिरल्यावर बाजूची, त्यामागे आणखी एक. पोस्टमन नावावरून पेटी शोधतो. नाव नाही, तर पत्र परत.

मी आले तेव्हा ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. खोली दिलेल्या माणसाने मालकाचं पत्रही दिलं, सगळं रीतसर. पण पेटीवर त्याचंच आडनाव. माझं टॅक्स नंबरचं पत्र परत गेलं, बँकेचं कार्ड परत गेलं, आणि पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर मला सहाव्या टॅक्स वर्गात टाकलेलं होतं. नंबर मिळेपर्यंत काही नोकरी देणारे असंच करतात, म्हणजे कर सगळ्यात जास्त कापतात. ते पैसे पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर परत मिळाले, पण नोव्हेंबरचं भाडं मैत्रिणीकडून उसनं घ्यावं लागलं. शेवटी वहीच्या पानाची चिंधी कापली, त्यावर ठळक आडनाव लिहिलं आणि चिकटपट्टीने पेटीवर आणि दारावरच्या घंटीवर लावलं. चौथ्या दिवशी तीन पत्रं आली.

तेव्हा खोलीत बॅग ठेवली की पहिलं काम चिकटपट्टीचं. दुसऱ्याच्या घरात राहत असाल तर पत्त्यात त्याच्या नावाआधी c/o, म्हणजे 'द्वारा', लिहायचीही पद्धत आहे, पण स्वतःचं नाव लावणं जास्त खात्रीचं. आणि पत्र खरोखरच हरवलं असेल तर तो नंबर केंद्रीय कर कार्यालयाकडून पुन्हा मागवता येतो. तोही पोस्टानेच येतो, म्हणून आधी पेटी.

१२. पासपोर्टवर माझ्या नावात वडिलांचं नावही आहे. अर्जात ते कुठे लिहायचं?

पासपोर्टच्या 'दिलेलं नाव' या रकान्यात जे जे आहे ते सगळं इथल्या 'फोरनामे'मध्ये जातं. म्हणजे राहुल विजय पाटील असेल तर फोरनामे राहुल विजय, आडनाव पाटील. विद्यापीठ, बँक, विमा, आनमेल्डुंग, चारही ठिकाणी अक्षरशः सारखं. एका ठिकाणी 'राहुल', दुसऱ्या ठिकाणी 'राहुल विजय' झालं की संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे विद्यार्थी. मग बाबांच्या नावाने हाक मारणारी पत्रं येतात, त्याची सवय होते.

आडनावाचा रकाना रिकामा असलेला पासपोर्ट असेल तर निघण्यापूर्वी भारतातच तो दुरुस्त करून घ्या.

१३. नोंदणीच्या अर्जात धर्म विचारतात. काय लिहू? काही धोका आहे का?

हा रकाना चर्च टॅक्ससाठी असतो. हिंदू, बौद्ध, मुस्लिम किंवा काहीच न मानणारे असाल तर रकाना कोरा सोडला तरी चालतो, त्यातून काहीही होत नाही.

वसई, गोवा किंवा अहिल्यानगरकडच्या (पूर्वीचं अहमदनगर) ख्रिस्ती मुलांनी मात्र विचार करून लिहावं. कॅथलिक किंवा इव्हांगेलिश (म्हणजे प्रोटेस्टंट) लिहिलंत की पुढे आयकर लागेल तेव्हा त्याच्या वर आयकराच्या ९ टक्के चर्च टॅक्स बर्लिनमध्ये कापला जातो. विद्यार्थ्याच्या अर्धवेळ पगारावर आयकर फारसा नसतोच, त्यामुळे सुरुवातीला काही जाणवत नाही. नोकरी लागल्यावर जाणवतं. मी काय लिहावं हे सांगणार नाही, तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. नुसतं 'फॉर्म आहे, भरून टाकू' असं करू नका.

१४. विमा सरकारी घ्यावा की खाजगी? खाजगी खूपच स्वस्त दिसतोय.

३० वर्षांच्या आत असाल तर सरकारी. तो विद्यार्थ्यांसाठी महिन्याला १५० युरोंच्या आसपास पडतो आणि डॉक्टरकडे नुसतं कार्ड दाखवलं की पुरतं. खाजगीसाठी एकदा सरकारी विम्यातून सूट घेतली की शिक्षण चालू असेपर्यंत परत येता येत नाही. ३० युरोंच्या पॉलिसीची जाहिरात बघून सही केलेली मुलं दुसऱ्या वर्षी दात दुखायला लागला की हे वाक्य आठवतात.

३० ओलांडलेल्यांना सरकारी विम्याचा विद्यार्थी दर मिळत नाही, आणि भारतातून थेट येणाऱ्याला बहुधा खाजगीच घ्यावा लागतो. तुम्ही त्या गटात असाल तर तो खर्च बजेटमध्ये आधीच धरा.

विद्यापीठात प्रवेश पक्का व्हायला विमा कंपनीने विद्यापीठाला इलेक्ट्रॉनिक संदेश पाठवावा लागतो. तुम्ही छापलेलं प्रमाणपत्र घेऊन गेलात तर बरेचदा चालत नाही. 'विद्यापीठाला कळवा' असं कंपनीला स्पष्ट सांगा. उतरल्यापासून विमा सुरू होईपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवासी विमा लागतोच.

१५. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरलेत. ते पैसे उतरल्या उतरल्या मिळतात का?

नाही. ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवलेलं खातं; त्यातून महिन्याला ९९२ युरो सुटतात, तेही इथल्या तुमच्या चालू खात्यात. म्हणजे आधी इथलं खातं उघडायचं, मग ब्लॉक्ड खातं सुरू करायचं, मग पहिला हप्ता. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. काही बँका भारतीय पासपोर्टवर व्हिडिओ कॉलने ओळख पटवत नाहीत, पोस्टात जाऊन पटवावी लागते.

तोवरचा सगळा खर्च, म्हणजे डिपॉझिटचा पहिला हप्ता, पहिलं भाडं, विमा आणि खाणं, वेगळ्या पैशातून करायचा आहे. फोरेक्स कार्ड आणि थोडी रोकड दोन्ही ठेवा. बर्लिनच्या कितीतरी छोट्या दुकानांत अजून रोख लागते, हे मुंबईत भाजीवालीला क्यूआर कोडवर पैसे देणाऱ्या मुलांना पटतच नाही.

१६. सेमिस्टर तिकीट म्हणजे काय? सप्टेंबरमध्ये आलो तर चालेल?

बर्लिनच्या बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत सत्राच्या शुल्कातच देशभराचं लोकल तिकीट येतं, मूळ डॉइचलांडटिकेटच्या ६० टक्के किमतीत. उ-बान (मेट्रो), एस-बान, बस, ट्राम आणि रीजनल गाड्यांत ते देशभर चालतं; वेगवान आयसीई आणि आयसी गाड्यांत चालत नाही. खाजगी विद्यापीठात असाल तर ते मिळतं का ते आधी विचारा.

हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, तिकीटही तेव्हापासूनच. सप्टेंबरमध्ये आलात तर मधल्या दिवसांसाठी महिन्याचं साधं डॉइचलांडटिकेट घेता येतं, पण ते वर्गणीसारखं आपोआप पुढे चालू राहतं. महिनाअखेर थांबवायचं तर त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. ११ तारखेला आठवलं तर ऑक्टोबरचेही पैसे गेले.

१७. लगेच नोकरी करता येईल का? किती तास?

वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. विद्यापीठातली विद्यार्थी-सहायकाची नोकरी यात धरत नाहीत. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर गेलात तर विम्याची स्थिती बदलते. स्वतंत्र फ्रीलान्स काम, अगदी भारतातल्या कंपनीचं डिझाइनचं काम घरी बसून, परवानगीशिवाय करू नका. २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे, त्याखाली कुणी देत असेल तर सोडा. पहिल्या महिन्यात मात्र नोकरीच्या मागे लागण्यापेक्षा कागदं लावा, कारण प्रश्न ११.

१८. टीव्ही-रेडिओचे पैसे भरा असं पत्र आलंय. माझ्याकडे टीव्हीच नाही. फ्रॉड आहे का?

खरं आहे. रुंडफुंकबायट्राग, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही असो नसो, आकारणी घरावर आहे. आनमेल्डुंगनंतर हे पत्र हमखास येतं. चांगली गोष्ट ही की एका घरामागे एकानेच भरायचं असतं. वेगेत राहत असाल आणि एक जण आधीच भरत असेल तर त्याचा ग्राहक क्रमांक देऊन आपलं नाव काढून घ्या आणि पैसे वाटून घ्या. पत्र कचऱ्यात टाकलं तर दुसरं येतं, मग तिसरं, आणि तिसऱ्यात दंड मिळवलेला असतो.

१९. रविवारी खरंच सगळं बंद असतं?

सगळी सुपरमार्केटं. मुख्य स्टेशनातली काही दुकानं उघडी असतात, आणि कोपऱ्यावरचा श्पेटी म्हणजे आपली रात्री उशिरापर्यंतची टपरी, तिथे दूध-ब्रेड मिळतो पण महाग. सत्राच्या सुरुवातीलाच ३ ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी येते. ती शुक्रवारी किंवा सोमवारी आली की तीन दिवसांत दोन दिवस बाजार बंद. गुरुवारीच तांदूळ भरून ठेवा.

२०. पोळीचं पीठ, मेथी, मिरची कुठे मिळेल? आणि पाणी नळाचं प्यायचं का?

नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, जरा जड आहे इतकंच. किटलीत पांढरा थर साचतो, व्हिनेगर उकळून टाकला की जातो. बाटलीचं घेतलं तर बुडबुडे नसलेलं 'श्टिल' बघून घ्या. रिकामी प्लास्टिकची बाटली फेकू नका, दुकानातल्या मशीनमध्ये घातली की २५ सेंट परत मिळतात.

मेथी, कोथिंबीर, हिरवी मिरची, पुदिना यांसाठी नॉयक्योल्न आणि क्रॉयत्सबर्गमधली तुर्की दुकानं. कोथिंबिरीची जुडी आपल्याकडच्यासारखी भली मोठी मिळते, सुपरमार्केटमध्ये कुंडीतली चार काड्या. सुपरमार्केटमधलं ४०५ नंबरचं पीठ म्हणजे मैदा. फोलकॉर्न लिहिलेलं पूर्ण गव्हाचं असलं तरी भरड असतं, पोळी कडेला फाटते. हट्ट सोडा आणि भारतीय दुकानातून आटा आणा. पोहे, शेंगदाणे, साबुदाणाही तिथेच. दुपारचं जेवण विद्यापीठाच्या मेन्सामध्ये, म्हणजे कँटीनमध्ये करा. रोज शाकाहारी पदार्थ असतो आणि विद्यार्थ्याला इतकं स्वस्त बाहेर कुठेच मिळत नाही.

२१. फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो. काय करू?

बर्लिनमध्ये राहायच्या-झोपायच्या सगळ्या खोल्यांत आणि बोळात धुराचे अलार्म बंधनकारक आहेत, स्वयंपाकघरात नाहीत. वेगेत असाल तर स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी उघडी, मग मोहरी. वसतिगृहाच्या एका खोलीत शेगडीही असेल तर पंचाईत. तेल धुरकट व्हायच्या आत मोहरी टाका, मिरची सगळ्यात शेवटी, आणि वर झाकण. अलार्मवर मोजा चढवू नका, काढूनही ठेवू नका. काही वसतिगृहांत तो थेट अग्निशमन दलाशी जोडलेला असतो आणि फुकटच्या फेरीचं बिल विद्यार्थ्याला येऊ शकतं. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते; कुकरच्या शिट्ट्या त्याआधी आटपा.

२२. अचानक आजारी पडलो तर?

जीवावर बेतलं तर ११२, पोलिसांसाठी ११०. रात्री-अपरात्री ताप, उलट्या, पण थांबता येण्यासारखं असेल तर ११६ ११७ वर ड्युटीवरच्या डॉक्टरची सेवा मिळते. आपल्यासारखं केमिस्टकडून अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. साध्या सर्दीला डॉक्टर चहा आणि विश्रांती सांगतो, त्याने चिडू नका.

२३. व्हिसा सहा महिन्यांचा आहे. परवान्याचा अर्ज केलाय, अजून कार्ड नाही. जानेवारीत बहिणीचं लग्न आहे, भारतात जाऊन येऊ का?

व्हिसाची तारीख शिल्लक असेल आणि तिच्या आत परत येणार असाल तर जा. अडचण होते ती तारीख संपल्यावर. अर्ज तारखेआधी केला असेल तर इथे राहणं कायदेशीर असतं, पण ऑनलाइन अर्जाची पोच दाखवून विमान कंपनी परतीच्या विमानात बसवेल असं धरू नका. त्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाकडून फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा कागद मागून घ्यावा लागतो. त्यावर कुठल्या चौकोनात खूण आहे ते बघा. कलम ८१ परिच्छेद ४ वर असेल तर परत येता येतं. परिच्छेद ३ वर असेल तर बाहेर पडू नका, लग्नाचा व्हिडिओ बघा. तिकीट मात्र तो कागद हातात आल्यावरच काढा.

२४. (एका आईंचा प्रश्न) मुलगा म्हणतो चार वाजता अंधार पडतो. आणि फोन कधी करायचा तेच कळत नाही. कधी साडेतीन तासांचा फरक म्हणतो, कधी साडेचार.

काकू, दोन्ही खरं आहे. डिसेंबरात इथे चारच्या आधीच सूर्य मावळतो. उन्हाळ्यात भारत इथून साडेतीन तास पुढे असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचा राहतो. तेव्हा नोव्हेंबरात तुम्ही दुपारी दीडला फोन केलात आणि तो 'आत्ताच उठलो' म्हणाला, तर इथे सकाळचे नऊ वाजलेले असतात. मार्चनंतरही दीडला तेच म्हणाला तर मात्र त्याला बोला, तेव्हा इथे दहा वाजलेले असतात.